निवड करणारा अँटेना: ग्रहण आणि गाळणी यांचा एकत्र आराखडा

रेडिओ तरंगांनी गजबजलेल्या अवकाशातून हव्या त्या वारंवारतेचा संकेत उचलणे आणि बाकीचे सारे संकेत बाहेर रोखणे, ही दोन कामे रेडिओ अभियांत्रिकीने दीर्घकाळ दोन वेगळ्या घटकांकडे सोपवली. उचलण्याचे काम अँटेनाकडे आले आणि निवडण्याचे काम त्याच्यामागे जोडलेल्या फिल्टरकडे, म्हणजे ठरावीक वारंवारतांनाच वाट देणाऱ्या मंडलाकडे गेले. ही विभागणी सोयीची असली तरी तिची किंमत संकेतातील ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते, आणि अँटेना व फिल्टर या दोहोंच्या मुळाशी अनुनाद हे एकच भौतिक तत्त्व असल्यामुळे ही किंमत बऱ्याच अंशी टाळता येते. ज्या अँटेनाच्या रचनेतच निवडक्षमता विणलेली असते, त्याला फिल्टरिंग अँटेना म्हणतात. त्याची गरज कोठून निर्माण होते, त्याचा आराखडा कसा आखला जातो आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

शेजारच्या पट्ट्याचा प्रश्न

विमान उतरत असताना त्याच्या पोटाखालील रेडिओ उंचीमापक जमिनीच्या दिशेने तरंग सोडतो, परत येणारा प्रतिध्वनी टिपतो आणि त्यावरून जमिनीपासूनचे अंतर काढतो. साधारण २,५०० फुटांच्या खाली ही मोजणी विशेष महत्त्वाची ठरते, कारण धुक्यात आपोआप उतरण्याची यंत्रणा आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा या दोन्ही तिच्यावर विसंबून असतात. उंचीमापकांसाठी जगभर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवलेला आहे. अमेरिकेत ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा ५जी सेवेला दिला गेला, तेव्हा दोन पट्ट्यांमध्ये २२० मेगाहर्ट्झ मोकळे राहिले होते; तरीही जानेवारी २०२२ मध्ये सेवा सुरू होताना विमानतळांजवळच्या मनोऱ्यांवर निर्बंध घालावे लागले आणि पुढे अनेक विमानांतील उंचीमापकांना नवे फिल्टर बसवावे लागले. भारतात २०२२ च्या लिलावात विकलेला पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ असा आणखी दूरचा होता, तरी दूरसंचार विभागाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धावपट्ट्यांच्या परिसरात या पट्ट्यातील मनोरे उभारू नयेत, असे कंपन्यांना कळवले.

या प्रकरणात मोबाइल मनोरे आपल्या नेमून दिलेल्या पट्ट्यातच प्रक्षेपण करणार होते. अडचण होती ती ग्राहकाच्या बाजूला. जुने उंचीमापक आखले गेले तेव्हा शेजारचा पट्टा जवळपास शांत होता, त्यामुळे त्यांच्या प्रवेशद्वाराशी कडक निवड करण्याची गरज कोणाला भासली नव्हती; शेजारी प्रबळ स्रोत येताच तो संकेत आत शिरून पहिल्याच प्रवर्धकाला, म्हणजे संकेताची शक्ती वाढवणाऱ्या मंडलाला, वेठीस धरण्याची शक्यता निर्माण झाली. एखादी सेवा किती सुरक्षित आहे, हे तिच्या ग्राहकाचा पहिला घटक किती चोखंदळ आहे यावर ठरते, आणि तो पहिला घटक अँटेना हाच असतो.

अनुनाद आणि निवड

धातूच्या तुकड्याची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असली की त्यावरील विद्युतधारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन तरंगाच्या लयीतच परत फिरते, आणि झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या झोक्यांनी त्याचे आंदोलन वाढावे तशी धातूवरील धारा वाढत जाते. हाच अनुनाद होय. ४.३ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ७० मिलिमीटर असते. छापील मंडलाच्या पट्टीवर कोरलेल्या आयताकृती अँटेनात, ज्याला मायक्रोस्ट्रिप पॅच म्हणतात, तरंगाचा बराचसा भाग धातूखालच्या वीजरोधक थरातून जात असल्यामुळे तो आखडतो. थराचा पराविद्युत स्थिरांक, म्हणजे त्यात तरंग किती आखडतो हे ठरवणारे माप, २.२ असेल, तर पॅचची लांबी ३५ ऐवजी सुमारे २२ ते २३ मिलिमीटरच ठेवावी लागते.

अनुनाद किती धारदार आहे, हे क्यू या गुणांकाने सांगितले जाते. अनुनादकात साठलेली ऊर्जा आणि प्रत्येक आवर्तनात त्यातून निघून जाणारी ऊर्जा यांच्या गुणोत्तरावरून हा गुणांक ठरतो. ऊर्जा सावकाश गळत असेल तर क्यू मोठा आणि वारंवारतेचा पट्टा अरुंद; ऊर्जा झपाट्याने बाहेर पडत असेल तर क्यू लहान आणि पट्टा रुंद. फिल्टरमधील अनुनादकाच्या बाबतीत ऊर्जा बाहेर पडणे ही हानी असते, पण अँटेनाच्या बाबतीत तेच त्याचे जीवितकार्य असते, कारण ती ऊर्जा प्रारण म्हणून अवकाशात जाते. वर सांगितलेल्या पॅचखालील थर १.५७ मिलिमीटर जाड असेल तर त्याचा प्रारणाचा क्यू अंदाजे २७ भरतो, आणि थर जाड करत नेला की तो साधारण त्याच प्रमाणात घटतो.

म्हणजे साधा पॅचही एक फिल्टर आहे, मात्र दुबळा. थर २ मिलिमीटरचा करून ४.३ गिगाहर्ट्झला जुळवलेला पॅच घेतला आणि ३.९८ गिगाहर्ट्झला तो काय करतो याचा हिशेब मांडला, तर शेजारच्या ५जी संकेताच्या शक्तीपैकी सुमारे पाव हिस्सा तरीही आत येतो. अभियंते हे प्रमाण डेसिबलमध्ये सांगतात: शक्ती दहापट घटली की १० डेसिबल, शंभरपट घटली की २० डेसिबल, या मापाने साध्या पॅचची रोधक्षमता जेमतेम ६ डेसिबल ठरते. एकट्या अनुनादकाचा उतार सौम्यच असतो, त्याला उभी कडा आणायची तर अनेक अनुनादक एकमेकांना जोडावे लागतात.

दुभंगलेले काम

रेडिओच्या आरंभीच्या काळात निवडीचे काम अँटेनाच्या मंडलातच होत असे. ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ साली प्रेषक आणि ग्राहक यांची मंडले एकाच वारंवारतेला जुळवण्याची पद्धत पेटंटसाठी मांडली, आणि १९०० मध्ये मार्कोनी यांनी घेतलेले ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट याच जुळवणीचे होते. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी टेलिफोन तारांसाठी अनेक अनुनादी टप्प्यांचे विद्युत फिल्टर मांडले आणि त्यातून फिल्टरांचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. पुढे अँटेना आखणारे आणि फिल्टर आखणारे असे दोन वर्ग तयार झाले, आणि दोघांच्या कामातील सांधा म्हणून ५० ओहम हा इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, प्रमाण मानला गेला. दोन्ही बाजूंनी आपापला घटक ५० ओहमला जुळवला की कोणताही अँटेना कोणत्याही फिल्टरला जोडता येऊ लागला.

या सोयीत दोन दोष दडलेले आहेत. पहिला दोष असा की, अँटेना ५० ओहमचा असतो तो आपल्या मधल्या वारंवारतेलाच. पट्ट्याच्या कडांकडे त्याचा इम्पिडन्स झपाट्याने बदलतो आणि आदर्श ५० ओहम गृहीत धरून आखलेला फिल्टर नेमक्या त्या कडांवर बिघडतो. दुसरा दोष हानीचा. फिल्टर, जोडणारी तार आणि जुळवणीचे मंडल यांपैकी प्रत्येकजण थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात खातो. १ डेसिबल हानी ऐकायला किरकोळ वाटते, पण तिचा अर्थ शक्तीचा पाचवा हिस्सा गमावणे असा होतो. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या प्रवर्धकाच्या आधी झालेली हानी स्वतःचा गोंगाटही मिसळते. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ साली मांडलेल्या सूत्राच्या आधारे हिशेब केला, तर सामान्य तापमानाला असलेली १ डेसिबलची हानी ग्राहकाच्या गोंगाटात, जो तापमानाच्या एककात मोजला जातो, सुमारे ७५ केल्विनची भर घालते.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, ज्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, अशा दुर्बिणींसाठी हा आकडा फार मोठा ठरतो. हायड्रोजनच्या १,४२० मेगाहर्ट्झच्या रेषेपाशी मोकळ्या आकाशाकडून येणारा गोंगाट अवघ्या काही केल्विनचा असतो, आणि दूरच्या दीर्घिकांचा संकेत त्याच्याही खाली बुडालेला असतो. मोबाइल आणि प्रसारण सेवांचे प्रबळ संकेत अडवण्यासाठी फिल्टर अपरिहार्य असतो, तर त्याने खाल्लेला प्रत्येक अंश निरीक्षणाच्या मुळावर येतो. निवड आणि संवेदनशीलता यांतील हा पेच सोडवण्यासाठीच हानीचा एकेक टप्पा काढून टाकण्याचा विचार पुढे येतो.

शेवटचा अनुनादक म्हणून अँटेना

फिल्टरिंग अँटेनाच्या पहिल्या आणि सर्वांत पद्धतशीर मार्गाचे सूत्र असे: तीन अनुनादकांचा फिल्टर घ्यावा, त्याचा शेवटचा अनुनादक आणि त्यापुढची ५० ओहमची जोडणी काढून टाकावी आणि त्या जागी अँटेनालाच बसवावे. अँटेना हाही अनुनादकच असल्यामुळे फिल्टरचे गणित अबाधित राहते. अट एवढीच की मूळ फिल्टरचा शेवटचा अनुनादक ज्या वेगाने ऊर्जा पुढच्या तारेत सोडत होता, त्याच वेगाने अँटेनाने ती अवकाशात सोडली पाहिजे.

उंचीमापकाच्या पट्ट्यावर हे गणित करून पाहता येते. ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे मध्य वारंवारतेच्या सुमारे ४.६५ टक्के रुंदी. रशियन गणिती चेबिशेव्ह यांच्या बहुपदींवर बेतलेला तीन टप्प्यांचा फिल्टर निवडला आणि पट्ट्याच्या आत ०.१ डेसिबलपर्यंतचा चढउतार मान्य केला, तर कोष्टकातून १.०३१६, १.१४७४ आणि १.०३१६ हे तीन प्रमाणित गुणांक मिळतात. टोकाच्या अनुनादकाचा क्यू पहिल्या गुणांकाला पट्ट्याच्या सापेक्ष रुंदीने भागून काढतात, तो येथे सुमारे २२ येतो. शेजारच्या दोन अनुनादकांमधील युग्मन, म्हणजे एका आवर्तनात ऊर्जेची देवाणघेवाण किती घट्ट आहे याचे माप, ०.०४३ च्या आसपास येते. आता १.५७ मिलिमीटर थरावरील पॅचचा क्यू २७ होता. तो २२ पर्यंत खाली आणायचा, तर थर साधारण २ मिलिमीटर जाड हवा. अशा रीतीने फिल्टरच्या कोष्टकातील एक आकडा अँटेनाच्या थराची जाडी ठरवतो.

उरलेले दोन अनुनादक पट्टीच्या मागच्या बाजूला, जमिनीच्या तांब्याच्या पत्र्याखाली कोरले जातात. प्रत्येक अनुनादक अर्ध्या तरंगलांबीची अरुंद पट्टी असून जागा वाचवण्यासाठी ती इंग्रजी यू अक्षरासारखी दुमडलेली असते. दोन पट्ट्यांमधील फट जितकी अरुंद तितके युग्मन घट्ट, त्यामुळे ०.०४३ हा आकडा फटीच्या रुंदीत उतरतो आणि तेथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शालाही महत्त्व येते. दुसऱ्या पट्टीतून वरच्या पॅचपर्यंत ऊर्जा पोचवण्यासाठी मधल्या तांब्याच्या पत्र्यात एक आडवी खाच कापतात, आणि खाचेची लांबी वाढवली की हे युग्मनही वाढते. सारी रचना एकाच चकतीत मावते.

लाभ आकड्यांत दिसतो. ३.९८ गिगाहर्ट्झला एकटा पॅच शेजारच्या संकेताचा पाव हिस्सा आत घेत होता. तीन अनुनादकांची ही रचना सैद्धांतिक हिशेबाने सुमारे २६ डेसिबल रोध देते, म्हणजे जेमतेम चारशेव्या हिश्शाच्या आसपास शक्ती आत येते, आणि ३.७ गिगाहर्ट्झला तोच रोध ४४ डेसिबलपर्यंत पोचतो. हानीही घटते. कोरलेल्या अनुनादकाचा स्वतःचा क्यू २०० धरला, तर तीन टप्प्यांचा स्वतंत्र फिल्टर सुमारे १.५ डेसिबल खातो. शेवटच्या टप्प्याची जागा अँटेनाने घेतली की ऊर्जा खाणारे दोनच अनुनादक उरतात आणि हानी १ डेसिबलच्या जवळ येते. मधली तार आणि तिची जुळवणी वाचते, ती वेगळीच.

शून्यबिंदूंची योजना

दुसऱ्या मार्गात वेगळे अनुनादक जोडले जात नाहीत; अँटेनाच्या धातूवरच अशी कापणी केली जाते की नको असलेल्या वारंवारतेला प्रारणच होऊ नये. एखाद्या वारंवारतेला संकेत दोन वाटांनी जाऊन समान तीव्रतेने पण विरुद्ध कलेत भेटला, तर बेरीज शून्य होते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असे एकेक शून्य बसवले की कडा एकदम उभ्या होतात, आणि त्यासाठी मार्गात एकही जास्तीचा टप्पा घालावा लागत नसल्यामुळे हानी नगण्य राहते.

याचे ठळक उदाहरण अतिरुंद पट्ट्याच्या अँटेनांत सापडते. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने २००२ साली ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा प्रचंड पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांना खुला केला. त्याच्या ऐन मध्यात ५.१५ ते ५.८२५ गिगाहर्ट्झवर वाय-फाय आधीपासून वसलेले होते. अँटेनाच्या धातूत ५.५ गिगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची खाच, म्हणजे नेहमीच्या काच-इपॉक्सीच्या पट्टीवर सुमारे १६ ते १७ मिलिमीटरची, यू आकारात कापली की त्या वारंवारतेला खाचेच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांवरून धारा विरुद्ध दिशांनी वाहतात, त्यांचे प्रारण एकमेकांना पुसून टाकते, आणि बाकीच्या पट्ट्याला मात्र धक्का लागत नाही. पॅचमधून जमिनीच्या पत्र्यापर्यंत रोवलेल्या धातूच्या खिळ्या, पॅचवर अधांतरी ठेवलेला दुसरा पॅच आणि पुरवठ्याच्या रेषेला लावलेले तोकडे फाटे ही याच तत्त्वाची इतर साधने आहेत.

या मार्गाला पहिल्यासारखे तयार कोष्टक नसते. प्रत्येक खाच मूळ अनुनादालाही थोडे सरकवते, म्हणून आखणाऱ्याला धातूवरील धारांचे नकाशे संगणकीय प्रतिकृतीत पाहून, कोणत्या वारंवारतेला धारा कोठे उलटते हे समजून घेत पुढे जावे लागते. धारांचा अर्थ न लावता केवळ मापे बदलून पाहणारा संगणकीय शोध कधीकधी उत्तर देतो, पण ते उत्तर पुढच्या पट्ट्यासाठी कामाला येत नाही.

मोजमापातील सावधगिरी

फिल्टरिंग अँटेना पारखताना एक चूक सहज होते. अँटेनाच्या तोंडाशी संकेत सोडून किती परत येतो ते पाहणे सोपे असते, आणि पट्ट्याबाहेर बहुतेक संकेत परतताना दिसला की निवड साधली असा समज होतो. परंतु परतणारा संकेत १ डेसिबलने कमी असला, म्हणजे जवळपास पूर्ण परतला असे आलेखावर वाटले, तरी पाचवा हिस्सा आत गेलेला असतो. म्हणून खरी कसोटी प्रत्यक्ष प्राप्तीच्या आलेखावर लागते: तरंगशोषक कोनांनी मढवलेल्या निनादहीन खोलीत अँटेना ठेवून प्रत्येक वारंवारतेला ठरावीक दिशेने किती शक्ती जाते ते मोजावे लागते, आणि तेही समोरच्या दिशेपुरते न मोजता बाजूंनाही, कारण धारांच्या वजाबाकीतून आलेले शून्य एका दिशेला खोल आणि दुसरीकडे उथळ असू शकते.

दुसरी सावधगिरी साहित्याची. पराविद्युत स्थिरांक २.२ ऐवजी २.२२ निघाला, तर ४.३ गिगाहर्ट्झचा अनुनाद १५ ते २० मेगाहर्ट्झने खाली सरकतो. रुंद पट्ट्याच्या साध्या अँटेनाला याची झळ लागत नाही. उभ्या कडांच्या अँटेनाचे मात्र हव्या पट्ट्याचे एक टोक त्यामुळे कापले जाऊ शकते. निवड जितकी कडक, तितका कारखान्यातील अचूकतेवरचा भार अधिक.

मर्यादा आणि योग्य जागा

ही युक्ती सर्वत्र चालणारी नाही, हे भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रह प्रणालीवरून स्पष्ट होते. तिच्या दोन मूळ संकेतांपैकी एक २,४९२.०२८ मेगाहर्ट्झवर असून त्याला नेमलेला पट्टा २,४८३.५ ते २,५०० मेगाहर्ट्झ आहे, आणि वाय-फायचा परिचित पट्टा २,४८३.५ लाच संपतो. दोघांमध्ये मोकळी जागाच नाही. येथे हव्या पट्ट्याची सापेक्ष रुंदी ०.६६ टक्के आहे; वरचेच गणित लावले तर टोकाचा क्यू १५० च्या पुढे जातो, आणि २०० क्यूच्या दोन कोरलेल्या अनुनादकांत ७ डेसिबलहून अधिक हानी होते, म्हणजे उपग्रहाकडून आलेल्या क्षीण संकेताचा चार पंचमांशाहून मोठा भाग उष्णतेत विरून जातो. अशा ठिकाणी दाबविद्युत स्फटिकातील ध्वनितरंगांवर चालणारे, फार मोठ्या क्यूचे सूक्ष्म फिल्टरच कामाला येतात. अँटेनाने लांबचे प्रबळ संकेत सौम्य करून त्यांचा भार हलका करावा, इतकीच अपेक्षा ठेवणे योग्य ठरते.

याउलट दोन ठिकाणी फिल्टरिंग अँटेनाचे स्थान भक्कम आहे. पहिले ठिकाण मोबाइल मनोऱ्याचे. तेथे एकाच चौकटीत जुन्या आणि नव्या पट्ट्यांचे अँटेना शेजारी शेजारी बसवावे लागतात, आणि एकाचे प्रक्षेपण दुसऱ्यात शिरते. प्रत्येक अँटेना दुसऱ्याच्या पट्ट्याला मुळातच बधिर असेल, तर त्यांना जवळ आणता येते. ५जी च्या फलकात ६४ प्रेषक-ग्राहक असतात तेव्हा प्रत्येकामागे फिल्टर लागतो, आणि त्यातील एकेक टप्पा वाचला तरी फलकाचे वजन आणि उष्णता उतरते. दुसरे ठिकाण उच्च वारंवारतांचे. भारतात २०२२ मध्ये लिलाव झालेल्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्फटिकी सूक्ष्म फिल्टर सहज उपलब्ध नाहीत, तारेतील हानी प्रत्येक मिलिमीटरला जाणवते, आणि अँटेना व चिप एकाच वेष्टनात बसवलेले असल्यामुळे मध्ये स्वतंत्र फिल्टर घालायला जागाच उरत नाही.

यावरून आखणीकाराला एक निकष हाती येतो. हव्या पट्ट्याची सापेक्ष रुंदी काही टक्क्यांची असेल आणि त्रासदायक शेजारी त्या रुंदीइतक्या अंतरावर असेल, तर निवडीचा मोठा वाटा अँटेनाने उचलावा. शेजारी कडेला खेटून असेल, तर तो वाटा उच्च क्यूच्या फिल्टरकडेच राहावा. या दोन टोकांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात अँटेना आणि फिल्टर यांचा एकाच गणितातून, एकाच पट्टीवर विचार करणे हे अभियांत्रिकीचे कर्तव्य ठरते, कारण वारंवारतांचा साठा वाढत नाही, त्यावर हक्क सांगणाऱ्या सेवा मात्र वाढत आहेत, आणि शेजाऱ्याला न ऐकण्याची क्षमता असलेला ग्राहकच या गर्दीत आणखी एका सेवेला जागा करून देऊ शकतो.